शिदोरी, वळकटी आणि करकंबची वाट

पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, जुन्या हिशेबाने सहा-सात कोसांवर, करकंब हे मोठे गाव वसलेले आहे. आणि आषाढी एकादशी अगदी तोंडावर आली असताना, पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी अरणवरून, व त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जेऊर, कंदर, दगडी अकोले या मार्गाने ज्या गावी येऊन उतरते, ते गाव हेच होय. आळंदी आणि देहू येथील सोहळ्यांचे वर्णन पुष्कळ झालेले आहे. गोदावरीच्या तीरावरून भीमेच्या तीराकडे येणाऱ्या या उत्तरेकडील वाटेकडे मात्र लेखकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. मला ही वाट निराळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. आपल्या मुलखातील सामान्य कुटुंब रेल्वेपूर्वी हौसेखातर प्रवासाला क्वचितच निघे. त्याचा मोठा प्रवास म्हणजे यात्रा, आणि यात्रेसाठी काय बरोबर घ्यावे, काय घरी ठेवावे, किती दिवसांचा शिधा बांधावा, मुलाबाळांना कशावर बसवावे, याचे जे व्यवहारज्ञान पिढ्यानुपिढ्या साठत गेले, ते अशाच वाटांवर घडले. पैठणहून निघालेला वारकरी करकंबला पोहोचतो तेव्हा त्याला घर सोडून पंधरा-अठरा दिवस झालेले असतात, आणि त्र्यंबकेश्वराहून निघालेल्याला तर जवळजवळ चार आठवडे. इतक्या अवधीत गाठोड्यातील निरुपयोगी वस्तू कुठे ना कुठे मागे राहून गेलेली असते आणि जी उरली असते तिची आवश्यकता सिद्ध झालेली असते. म्हणून घरच्या उंबरठ्यावर उभे राहून बांधाबांधीचा विचार करण्यापेक्षा करकंबच्या मुक्कामावर उभे राहून तो करणे अधिक फलदायी ठरते. आणि तो करू लागलो की एक गोष्ट स्पष्ट दिसते: किती ओझे न्यावे, हा प्रश्न प्रवाशाच्या खांद्याच्या बळावर जितका अवलंबून असतो तितकाच वाटेवरील गावांच्या दानतीवर अवलंबून असतो, वारकऱ्याचे गाठोडे हलके राहिले ते करकंबसारखी गावे त्याच्या वाटेवर होती म्हणून.

प्रथम काळाचा विचार. पंढरीच्या चार वाऱ्या आहेत, आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. त्यांत आषाढी सर्वांत मोठी, आणि ती भर पावसाळ्यात. शेतकरी माणूस पेरणीच्या दिवसांत घर सोडून निघतो कसा, असा प्रश्न परमुलखातील मनुष्यास पडेल. परंतु पंढरपूर, माढा, करमाळा हा सारा टापू पर्जन्यछायेतील व मुख्यतः रब्बीचा. येथील काळ्या रानात ज्वारी पडते ती भाद्रपदाच्या सुमारास, परतीच्या पावसाच्या भरवशावर, त्यामुळे आषाढात येथील कुणब्याला उसंत असते. आणि जो मराठवाड्याच्या खरिपाच्या भागातून निघतो, तो मृगाची पेरणी आटोपून त्यानंतरचा अवकाश साधून बाहेर पडतो. घरातील कोणी जावे व कोणी मागे राहावे हेही याच हिशेबाने ठरे. गुरांची वैरण-पाणी, कोळपणी, दुभत्या म्हशीची धार, यांची जबाबदारी कोणाच्या तरी माथी ठेवल्यावाचून वारीचा संकल्प पुरा होत नसे, आणि पुष्कळ घरांत एक वर्ष थोरल्या सुनेची पाळी तर दुसऱ्या वर्षी धाकटीची, असा अलिखित कानू पाळला जाई. प्रवासाची आखणी घरी राहणाऱ्यांपासून सुरू करावी, हे शहाणपण त्यात आहे, आणि आजच्या कुटुंबांना त्याचा बहुधा विसर पडतो.

निघण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक फार सुज्ञ रूढी होती, ती म्हणजे प्रस्थान ठेवण्याची. मुहूर्त आजचा असावा आणि प्रत्यक्ष निघणे उद्या-परवा असावे, अशा वेळी प्रवासी आपल्या सामानातील एखादे वस्त्र, त्यात सुपारी व अक्षता बांधून, शेजाऱ्याच्या किंवा गावाच्या वेशीजवळच्या घरी नेऊन ठेवी, आणि शास्त्रार्थाने त्याचा प्रवास तेथून सुरू झाला असे मानले जाई. पालख्यांतही हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसते: देहूची पालखी पहिल्या दिवशी देहूतीलच इनामदार वाड्यात आणि आळंदीची आळंदीतीलच आजोळघरी मुक्काम करते. या रूढीचा धार्मिक अर्थ कोणी काहीही लावो, तिचा व्यावहारिक लाभ निर्विवाद आहे. सामान एकदा बांधून, दाराबाहेर काढून, घरापासून हाकेच्या अंतरावर एक रात्र काढली, की काय विसरले आणि काय उगाच घेतले हे आपोआप ध्यानात येते, आणि परत फिरून ते आणता किंवा ठेवता येते. लांबच्या प्रवासाच्या पूर्वसंध्येस घाईने पेट्या भरणाऱ्या गृहस्थास याहून चांगला सल्ला देता येईल असे मला वाटत नाही.

आता वस्त्रांकडे वळू. पायी वारी करणाऱ्याच्या पाठीवर जे असे त्यात अग्रमान घोंगडीचा. सोलापूर जिल्ह्यात धनगरांनी राखलेल्या मेंढ्यांच्या लोकरीपासून सणगर विणकरांनी विणलेली काळी घोंगडी अंगावरची खोळ होई, रात्रीचे अंथरूण होई, थंडीत पांघरूण होई, आणि दुपारच्या विसाव्याला चार काठ्यांवर ताणली की लेकरांसाठी सावलीही होई. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत असल्यामुळे नवी घोंगडी ताठ असे आणि पावसाचे थेंब तिच्यावरून काही काळ ओघळून जात. मात्र एकदा ती पूर्ण भिजली म्हणजे तिचे ओझे मनस्वी वाढे आणि दोन दिवस ती वाळत नसे, हा तिचा मोठा दोष. म्हणून अनुभवी वारकरी पाऊस दाटून आला की घोंगडी अंगावर घेण्याऐवजी गुंडाळून कोरड्यात ठेवी आणि स्वतः भिजे, कारण भिजलेला देह चालता चालता वाळतो, भिजलेले अंथरूण वाळत नाही. पुढे मेणकापड आले आणि त्यानंतर प्लॅस्टिकचा कागद आला. आज आषाढात करकंबच्या रस्त्यावर उभे राहिले तर रंगीबेरंगी कागदांच्या खोळी डोक्यावरून घेतलेल्या बायका-पुरुषांची रांग दिसते. घोंगडीच्या मानाने या कागदाला वजन जवळजवळ नाही, आणि वारीच्या सामानात गेल्या शतकात जे फेरफार झाले त्यांत सामान्य माणसाच्या पाठीला सर्वांत अधिक विश्रांती याच एका वस्तूने दिली असेल.

धोतरे किंवा लुगडी दोन असावीत, एक अंगावर आणि एक वाळत, हा नियम सर्वमान्य होता. नऊवारी लुगड्याचे दुसरे टोक पुढच्या बाईच्या हाती देऊन, दोघी-तिघी मिळून ओले लुगडे वाऱ्यावर धरून चालत, आणि पुढच्या विसाव्यापर्यंत ते वाळून जाई. ही युक्ती आजही दिंडीच्या मागच्या अंगाला पाहावयास मिळते. परंतु या दोहोंखेरीज आणखी एक वस्त्र गाठोड्याच्या अगदी तळाशी, पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेले असे, आणि त्याला साऱ्या वाटभर हात लावला जात नसे. ते दर्शनाचे वस्त्र. चंद्रभागेचे स्नान झाल्यावर ते नेसावयाचे, आणि तोवर त्याला चिखल लागू द्यावयाचा नाही. गरिबातल्या गरीब बाईच्या गाठोड्यातही हा एक घडीचा कपडा असे, आणि ओझे कमी करण्याचा प्रसंग आला तर ती भांडे टाकील पण हे वस्त्र टाकणार नाही. उपयुक्ततेचा काटेकोर हिशेब करणाऱ्या बांधाबांधीत या एका वस्त्राला जी जागा राखून ठेवलेली असे, तिच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

शिदोरीचे प्रकरण अधिक विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण सोलापूरच्या मुलखाने प्रवासाच्या अन्नात घातलेली भर असामान्य आहे. ज्वारीची ताजी भाकरी पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीच बुरशीला लागते. हीच भाकरी हलक्या हाताने पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर किंवा उन्हात तिच्यातील सारा ओलावा घालवून कडक केली, म्हणजे ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि कोरड्या जागी ठेवली तर कित्येक आठवडे टिकते. अन्न नासते ते त्यातील पाण्यामुळे, हे तत्त्व येथील गृहिणींनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना ओळखले होते. या कडक भाकरीची जोडीदारीण म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरे व मीठ उखळात घालून इतके कुटावयाचे की दाण्यांचे तेल सुटून सारा गोळा तेलकट व्हावा. हीतही पाण्याचा अंश नसल्यामुळे ती महिनाभर बिघडत नाही, आणि भाकरीचा कोरडेपणा तिच्या तेलाने भरून निघतो. भाकरीसाठी मालदांडी ज्वारी पसंत केली जाई. तिचे पीठ चांगले विरते, भाकरी पांढरी व गोड होते, आणि याच मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला वाण पुढे सर्व महाराष्ट्रात पसरला. ज्यांच्या घरी सोवळ्याचा आचार होता, तेथे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या बांधल्या जात, कारण पाण्याचा स्पर्श नसलेले अन्न वाटेत खावयास हरकत नाही असा संकेत होता. दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते, म्हणून ती प्रवासाच्या आरंभी खावयाची व कडक भाकरी नंतरच्या दिवसांसाठी राखावयाची, असा क्रम असे. शिदोरी बांधताना लवकर नासणारे वर आणि टिकाऊ तळाशी, ही रचना याच क्रमातून आलेली.

एकादशीचा विचार आणखी निराळा. यात्रेचा मुख्य दिवस तोच उपवासाचा दिवस, आणि त्या दिवशी पंढरपुरात लाखांचा समुदाय लोटलेला असल्यामुळे फराळाचे जिन्नस महागही मिळत व अपुरेही पडत. म्हणून राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, गुळाचा खडा आणि थोडे वऱ्याचे तांदूळ हे निराळ्या पुरचुंडीत बांधून, दर्शनाच्या वस्त्राप्रमाणेच, शेवटपर्यंत न सोडता न्यावयाचे. मुलांच्या खिशात मात्र रोजचे दाणे-गूळ असतच. लहान मूल चालता चालता रडू लागले तर त्याला कडेवर घेण्यापूर्वी गुळाचा खडा देऊन पाहावा, ही आज्यांची शिकवण.

पाण्यासाठी पितळी तांब्या आणि त्याच्या गळ्याला बांधलेली लांब सुताची दोरी. विहिरीवर पोहरा असेलच असा भरवसा नाही, आणि असला तरी तो सर्वांना वापरू देतील असाही नाही. जातिभेदाच्या त्या काळात ज्याच्या तांब्याला दोरी बांधलेली असे त्यालाही विहिरीच्या काठावर उभे राहू दिले जाईलच असे नव्हते, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. दोरीच्या लांबीवरून माणूस कोणत्या मुलखातला हे ओळखता येई, कारण या कोरड्या टापूत विहिरी खोल. याच पाण्याने यात्रेवर मोठे संकटही आणले. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी पंढरपुराहून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरल्या, आणि १८५५ साली पंढरपुरास नगरपालिका स्थापन झाल्यानंतर यात्राकर, सफाई, पाणीपुरवठा हे विषय सरकारी दप्तरात सतत येत राहिले. हाफकिन यांनी १८९३ मध्ये पटकीवरील आपली लस हिंदुस्थानात टोचण्यास आरंभ केला. पुढे विसाव्या शतकात टोचून घेतल्याचा दाखला यात्रेकरूकडून मागितला जाऊ लागला, आणि अशा रीतीने गाठोड्यात प्रथमच एक कागद आला, जो भिजू न देता जपून ठेवणे भाग होते.

ज्यांच्या घरी बैल होते व म्हातारी माणसे-लेकरे बरोबर न्यावयाची होती, ते गाडीने येत. गाडी भरण्याचेही एक शास्त्र होते. तळाशी कडब्याच्या पेंढ्या, म्हणजे बैलांची वैरणही होते आणि बसणाऱ्यांना गादीही. त्यावर वाकळा व घोंगड्या. मागच्या अंगाला भांड्यांचे पोते, चुलीसाठी गोवऱ्या व सरपण. पुढे गाडीवानाच्या हाताशी पेंडेची पिशवी. आणि आसाखाली लोंबकळणारा वंगणाचा नळा. निघण्यापूर्वी बैलांना पत्र्या ठोकून घ्यावयाच्या, धावा सैल झाल्या आहेत काय हे लोहाराकडून पाहून घ्यावयाचे, कासरा नवा घालावयाचा. वैरण संपत जाई तशी गादी पातळ होत जाई, आणि शेवटच्या मुक्कामांवर आजीबाईंची हाडे खिळखिळी होत. करकंबच्या परिसरात कडबा विकत घेऊन पुन्हा गाडी भरून घेणे म्हणूनच माणसांच्या सुखासाठीही आवश्यक असे.

लोहमार्गाने हे सारे बदलले, पण सावकाश. जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आला आणि पुण्या-मुंबईचा यात्रेकरू तेथवर आगगाडीने येऊन पुढचे तीस-एक मैल बैलगाडीने किंवा पायी जाऊ लागला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९०६ मध्ये मोडनिंबवरून पंढरपूरपर्यंत पोहोचली. यात्रेच्या दिवसांत तिच्या मालडब्यांतूनही माणसे भरून नेत. आता कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत चढावयाचे, तेही गर्दीत, मुलांचे हात धरून! या एका अदलाबदलीने सामानाचे स्वरूप पालटले. पूर्वी वस्तू मोजल्या जात, आता नग मोजले जाऊ लागले. विस्कळीत बोचकी जाऊन वळकटी आली, पत्र्याची ट्रंक आली, फिरकीचा तांब्या आला, आणि गाडीतून उतरताच कुटुंबप्रमुखाने मोठ्याने नग मोजण्याचा प्रघात पडला. माणसे आठ व नग आठ असावेत, म्हणजे प्रत्येकाच्या हाती एकच येईल आणि धावपळीत काही राहणार नाही. लहान मुलाच्या हातीसुद्धा निदान तांब्या द्यावयाचा, कारण ज्याच्याकडे काही सोपवलेले असते ते मूल इकडेतिकडे भटकत नाही.

पैसा आणि वसतीची तजवीज यांविषयी थोडक्यात. दागिने घरी ठेवून, रोख रक्कम कमरेच्या कशात व थोडा खुर्दा चंचीत, अशी विभागणी करीत, कारण यात्रेत भामट्यांचा सुळसुळाट असे. वसतीसाठी पंढरपुरातील बडवे, उत्पात व क्षेत्रोपाध्ये या पुजारी मंडळींची घरे पिढीजात ठरलेली असत; त्यांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या नोंदी असत, आणि १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाल्यावर 'दशमीस सहा माणसे येत आहोत' इतक्या मजकुराचे एक कार्ड आधी टाकले की पडवीतली जागा राखली जाई. मंदिरावरील बडवे-उत्पातांचे हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले व २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वसतीचा तो घरोबा त्याच्या आधीपासूनच, मठ, धर्मशाळा व लॉज वाढत गेले तसा, विरळ होत चालला होता.

मोठ्या दिंड्यांनी मात्र बांधाबांधीचा प्रश्न सामुदायिक रीतीने सोडवला. भिशी भरली की जेवणाचा शिधा, तंबू, पाण्याची सोय दिंडीकडे. पूर्वी हे सामान बैलगाड्यांवर जाई, आता मालट्रकवर जाते. ट्रक पहाटेच पुढच्या मुक्कामी निघून जातो, म्हणून उजाडण्यापूर्वी प्रत्येकाला ठरवावे लागते की आज अंगावर काय आणि ट्रकवर काय. जुनी माणसे नव्याला सांगतात: औषधाची गोळी, प्लॅस्टिकचा कागद, पाण्याची बाटली, मूठभर दाणे आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ही ट्रकवर टाकावयाची नाहीत, कारण संध्याकाळपर्यंत ट्रक गाठता येईलच असे नाही. राहिलेली बॅग मळखाऊ रंगाची असावी, कुलूप लहान असावे, आणि तिच्यावर नाव, गाव व दिंडीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, कारण अंधारात एकसारख्या शेकडो पिशव्यांच्या ढिगातून आपली ओळखावयाची असते.

आणि हे सर्व असूनही, शिधा वाटेत संपतोच. करकंबच्या अलीकडचा अरण हा मुक्काम सावता माळ्याच्या समाधीचा, मळा सोडून पंढरीस न गेलेल्या संताचा. आणि पलीकडे पंढरपूर, जेथे सर्वच महाग. अशा जागी वसलेल्या गावाने वर्षातून एकदा आपल्या चुली रात्रभर पेटत्या ठेवाव्यात, शाळा, देवळे, पडव्या उघड्या कराव्यात, पिठले-भाकरीच्या पंगती उठवाव्यात, हे करकंबने केले, आणि वाटेवरच्या शेकडो गावांनी केले. पैठणच्या वारकऱ्याने अठरा दिवसांचे अन्न पाठीवर बांधले असते तर तो चार दिवसांतच बसला असता. त्याने पाच-सहा दिवसांचे बांधले आणि उरलेल्या दिवसांचे गावांवर सोडले. आज वारीत अन्नदानाचे तंबू संस्थांचे व पक्षांचे झाले आहेत, पाण्याच्या बाटल्यांचे खोके ट्रकने येतात, आणि गावकऱ्याचा वाटा कमी होत चालला आहे; याचा मला खेद आहे, कारण सोय वाढली तरी ओळख कमी झाली, आणि पुढच्या वर्षी त्याच पडवीत उतरणाऱ्या वारकऱ्यासाठी चटणीचा डबा आधीच भरून ठेवणारी बाई आता फार घरांत राहिलेली नाही.

परतीचे सामान मात्र जुन्याच पद्धतीने बांधले जाते. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की रिकाम्या झालेल्या शिदोरीच्या फडक्यात चुरमुरे, लाह्या, बत्तासे, बुक्का, कुंकू आणि तुळशीची माळ येते. मागे राहिलेल्या सुनेसाठी बांगड्या, गुरे राखणाऱ्या पोरासाठी शिट्टी. म्हणून जाणती माणसे जातानाच पिशवीचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवून निघतात, बुक्क्याची पुडी कपड्यांपासून वेगळी बांधतात, आणि चुरमुरे सर्वांत वर ठेवतात.